सान्ग्रोच्या खोऱ्यात अस्वल दिसेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुलढाण्याचं एक कुटुंब सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोमहून इटलीच्या अब्रुत्सो भागातल्या सान्ग्रो नदीच्या खोऱ्यात पाच दिवस जाणार आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले आजोबा. त्यांनी विचारलंय: तिथे अस्वल दिसेल का? 'अस्वल नक्की दाखवतो' म्हणणाऱ्या सफरीचे पैसे भरावेत का? आणि आपल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला अस्वलाने जखमी केलेली माणसं डोळ्यांनी पाहिल्यावर, मुलीला घेऊन त्या जंगलात पायी फिरण्याची हिंमत करावी का?

मी गेली बरीच वर्षं या खोऱ्यात वसंत आणि शरद असे दोन हंगाम वाटाडी म्हणून काम करते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. अस्वल बहुधा दिसणार नाही. हमीवाल्या सफरीला एक पैसाही देऊ नका. आणि पायी मात्र जरूर फिरा, मुलीला घेऊनच फिरा.

भीतीचं आधी बोलू, कारण ती खोटी नाही. आपल्याकडचं अस्वल वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढलेलं आहे. मोहाच्या झाडाखाली किंवा वारुळापाशी माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. सान्ग्रोच्या खोऱ्यातलं अस्वल वेगळं. ते युरोपातल्या तपकिरी अस्वलाचीच एक शाखा आहे, त्याला तिथे 'मार्सिकन अस्वल' म्हणतात. १९२१ मध्ये त्याला वेगळी उपजात म्हणून नाव मिळालं. २०१७ साली त्याच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की ही अस्वलं इतर युरोपीय अस्वलांपासून तीन ते चार हजार वर्षांपूर्वीच तुटली. म्हणजे शेती पसरली, मधली जंगलं गेली आणि डोंगरांत अडकलेला हा छोटा गट माणसाच्या गराड्यात एकटा उरला. त्याच अभ्यासात आक्रमकपणाशी संबंध असलेल्या काही जनुकांमध्ये बदल सापडले. चिडकी अस्वलं शतकानुशतकं मारली जात राहिली आणि शांत तेवढी वाचली, असा त्याचा अर्थ लावला जातो. या अस्वलाने माणसाचा जीव घेतल्याची नोंद नाही. तरी नियम पाळायचेच. दाट झाडीतून जाताना साध्या आवाजात बोलत चला. अस्वल दिसलं तर थांबा, त्याला जायला वाट ठेवा, हळू मागे सरा. पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं समजून त्याच पावली परत फिरा. फोटोसाठी पुढे जाणं तर मुळीच नको.

मग दिसत का नाही? कारण ती फार थोडी आहेत. २०१४ मध्ये केसांच्या नमुन्यांवरून जी जनुकीय गणना झाली, तिच्यात इथलं अब्रुत्सो राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालचा पट्टा मिळून सुमारे पन्नास अस्वलं निघाली. जगात या जातीची एवढीच काय ती अस्वलं. मादी तीन-चार वर्षांतून एकदा विते आणि बहुतेक वेळा एक ते तीन पिल्लं देते. त्यामुळे एक प्रौढ मादी गेली तर ते नुकसान भरून यायला वर्षं लागतात.

दुसरं कारण पोटाचं, आणि ते समजून घेतलं तर खोरं वाचता येतं. हे अस्वल मुख्यतः झाडपाल्यावर जगतं. बर्फ वितळलं की कोवळं गवत, थंडीत मेलेल्या जनावरांचे सांगाडे, पानांखाली राहिलेल्या बीच झाडाच्या जुन्या बिया. जूनमध्ये दगड उलटून मुंग्या. मग रानचेरी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते उंच खडकाळ कड्यांवर चढतं, कारण तिथे राम्नो नावाच्या झुडपाला काळी फळं धरतात. हे झुडूप आपल्या बोरीच्या कुळातलं. त्यानंतर ऑक्टोबरभर बीचच्या तिकोनी बिया, ओकची फळं, सोडून दिलेल्या बागांतली सफरचंदं आणि नासपती. या दोन-तीन महिन्यांत त्याला संपूर्ण हिवाळ्याची चरबी साठवायची असते. गाभण राहू शकणाऱ्या मादीसाठी तर हा काळ निर्णायक, कारण शरदात पोट भरलं नाही तर हिवाळ्यात गुहेत पिल्लं होत नाहीत. आणि बीचला दर वर्षी सारख्या बिया येत नाहीत. एखाद्या वर्षी जमीन झाकून जाते, पुढच्या वर्षी एकही नाही.

म्हणूनच राम्नोच्या दिवसांत उद्यानाकडून त्या कड्यांवरच्या काही वाटा लोकांसाठी बंद केल्या जातात. माझी एक चूक इथे सांगते. अगदी सुरुवातीच्या वर्षांत मी चार पाहुण्यांना घेऊन अशाच एका कड्याच्या फार जवळ गेले होते. वाट तेव्हा उघडी होती, पण वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता आणि ते मी पाहिलं नाही. वर एक मादी तासभर शांतपणे फळं ओरबाडत होती. तिने मान वर केली, हवा हुंगली आणि ती उतारावरून निघून गेली. पाहुणे खूश होते, त्यांना 'धावतं अस्वल' मिळालं होतं. मी संध्याकाळपर्यंत तिथे दुर्बीण लावून बसले. ती परत आली नाही. तिच्या वर्षातल्या सगळ्यांत मोलाच्या दिवसांतला एक दिवस मी खाल्ला. आता 'अस्वल नक्की दाखवतो' अशी जाहिरात वाचली की मला तीच मादी आठवते. हमी द्यायची तर दोनच मार्ग: खाणं टाकून बोलवायचं, किंवा जिथे जायचं नाही तिथे जायचं.

खाणं टाकलं की काय होतं, हे या खोऱ्याने फार जवळून पाहिलं आहे. २०२० मध्ये आमारेना नावाच्या मादीला एकदम चार पिल्लं झाली. अशी गोष्ट क्वचित घडते, त्यामुळे लोकांचा आनंद मावेना. ती गावांजवळून फिरायची आणि तिला पाहायला माणसांच्या गर्दी व्हायच्या. त्या चौघांतला एक नर, हुआन कारितो, मोठा झाला तो माणसांच्या अन्नाची चटक घेऊन. २०२१ मध्ये रोक्काराझो गावातल्या बेकरीत शिरून त्याने बिस्किटं खाल्ली, आणि ते चित्र देशभर गाजलं. त्याला पकडून दूर डोंगरात सोडलं तरी तो परत यायचा. २३ जानेवारी २०२३ ला कास्तेल दि सान्ग्रोजवळ महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री त्याची आई आमारेना हिला खोऱ्याबाहेर, सान बेनेदेत्तो देइ मार्सी गावात एका माणसाने गोळी घातली. तेव्हा तिच्याबरोबर दोन पिल्लं होती. मी या दोघांनाही पाहिलं होतं. त्यामुळे मुलीला एवढं जरूर सांगा: सफरचंदाचा गाभासुद्धा पिशवीत परत आणायचा. आणि संध्याकाळनंतर खोऱ्यातल्या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवायची. इथे बंदुकीपेक्षा रस्त्याची भीती वाटते.

आता तुम्ही काय बघाल ते सांगते, कारण अस्वलाच्या नादात लोक बाकीचं खोरं गमावतात.

सान्ग्रो सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. पेस्कासेरोलीच्या वरच्या डोंगरात उगम, मग ओपी, विल्लेत्ता बारेआ, बारेआची घळ, कास्तेल दि सान्ग्रो आणि शेवटी एड्रियाटिक समुद्र. २,२०० मीटरहून उंच शिखरांपासून वाळूपर्यंतचा हा एकच उतार, आणि वरचा भाग रोमपासून जेमतेम दोन-अडीच तासांवर. एवढ्या जवळ हे सगळं टिकलं ते आपोआप नव्हे. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओपी गावाकडून कामोशारा भागातली पाचशे हेक्टर जमीन भाड्याने घेण्यात आली, पुढच्या वर्षी, ९ सप्टेंबर १९२२ रोजी, पेस्कासेरोलीत उद्यानाचं उद्घाटन झालं. त्यामागे एर्मिनिओ सिपारी हा इथलाच माणूस होता. १९३३ मध्ये उद्यानाचा स्वतंत्र कारभार बरखास्त झाला, १९५० मध्ये परत उभा राहिला. आज ते सुमारे पन्नास हजार हेक्टर आहे, आणि त्यात गावं आहेत, गुरं आहेत, शाळा आहेत.

तुमच्या तारखांना खोऱ्याचा खरा राजा अस्वल नसतो. लाल हरणाचा नर असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर माजावर येतात, आणि पहाटे-संध्याकाळी सगळा उतार त्यांच्या आवाजाने भरतो. आकाराने सांबरासारखा प्राणी, पण आवाज सांबराच्या 'पोंक'सारखा छोटा नाही. छातीच्या तळातून निघणारी लांब, खरखरीत आरोळी, आणि समोरच्या डोंगरावरून तिला मिळणारं दुसऱ्या नराचं उत्तर. पहाटे सहाला ओपीच्या खालच्या मैदानाच्या कडेला, गाडीचे दिवे बंद करून, गरम कपड्यांत बसा. सूर्य सातच्या सुमारास वर येतो. अंधारात आधी फक्त आवाज, मग धुक्यात शिंगं, मग कळप. आजोबांना एक पाऊलही चालावं लागणार नाही. ही हरणं इथून पूर्ण संपली होती, १९७० च्या दशकात बाहेरून आणून सोडली. आज विल्लेत्ता बारेआत ती अंगणांत येऊन झाडं खातात. तिथे लोक त्यांना पाव भरवताना दिसतील. तुम्ही भरवू नका. माजावरचा नर हाताच्या अंतरावर असणं धोक्याचं आहे. इथे तो अस्वलापेक्षा जास्त धोक्याचा, असं मी म्हणेन.

त्याच पहाटे लांडगाही दिसू शकतो. हरणांच्या कळपाची मान एकाच दिशेला वळली, तर तुम्हीही तिकडे बघा. १९७० च्या सुमारास सगळ्या इटलीत मिळून साधारण शंभर लांडगे उरले होते. १९७१ मध्ये शिकारीवर बंदी आली, १९७६ मध्ये पूर्ण संरक्षण. त्याच दशकात लुइजी बोइतानी आणि एरिक त्सिमेन या संशोधकांनी इथल्या डोंगरांत लांडग्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून अभ्यास केला. २०२०-२१ च्या देशव्यापी गणनेत सुमारे ३,३०० लांडग्यांचा अंदाज आला. अर्ध्या शतकात! हे मी वारंवार सांगते, कारण आपल्या माळरानावरच्या लांडग्याची आशा मला यातून मिळते. त्यांना परत आणून सोडलं नाही, फक्त मारणं थांबवलं आणि खायला हरणं-रानडुकरं असू दिली.

मेंढपाळांनी मात्र किंमत मोजली, आणि ते विसरून चालणार नाही. पेस्कासेरोलीहून पुलियातल्या कान्देलापर्यंत २११ किलोमीटरची जुनी मेंढरवाट जाते. आपल्या धनगरांचे वाडे पावसाळा संपला की कोकणात उतरतात, तसे इथले कळप थंडीत खाली जायचे. त्यांच्याबरोबर मोठे पांढरे अब्रुत्सो कुत्रे असतात, पूर्वी लांडग्याने नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असे. तुमच्या पाच दिवसांत खरी सावधगिरी या कुत्र्यांबाबत ठेवा. कळप दिसला की लांबून वळसा घ्या. मेंढ्या आणि कुत्रा यांच्या मधून कधीही जाऊ नका. कुत्रे भुंकत आले तर पळू नका, काठी उगारू नका, थांबा आणि मेंढपाळाला हाक मारा.

एक दिवस कामोशाऱ्याला द्या. गाडी खाली ठेवून सपाट रस्त्याने तीनेक किलोमीटर चालत किंवा घोडागाडीतून जाता येतं. समोर अर्धगोल उभे कडे आहेत, त्यांवर काळे पाइन चिकटलेले. त्या कड्यांवर दुर्बीण लावा. कामोशो नावाची जी रानबकरी इथे आहे, ती आल्प्समधल्या तिच्या चुलत बहिणींहून देखणी. शिंगं जास्त लांब, हिवाळ्यात गळ्यावर पांढरा मोठा पट्टा. पहिल्या महायुद्धानंतर जगात ती फक्त याच कड्यांवर, काही डझन उरली होती. पाचशे हेक्टर भाड्याने घेतले ते मुख्यतः तिच्यासाठी. १९९० च्या दशकात मायेल्ला आणि ग्रान सास्सोच्या डोंगरांत नेऊन तिचे नवे कळप वसवले, पुढे आणखी दोन ठिकाणी. आता मुळाला धक्का लागला तरी जात संपणार नाही. तुमच्यात कोणी चढणारं असेल तर चिवितेल्ला आल्फेदेनाहून वाल दि रोझेची वाट धरा. दमवते, पण वरच्या गवतात ती पन्नास पावलांवर चरताना भेटते. आजोबा आणि मुलगी तोवर गावातलं लांडगा-संग्रहालय बघू शकतील.

वाल फोन्दिल्लो मला स्वतःला सगळ्यांत आवडतं, आणि मुलीलाही तेच आवडेल. ओपीच्या खाली नदीला मिळणारी ही छोटी दरी. तिच्यातल्या जुन्या बीच जंगलाचा २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या उद्यानातल्या सर्वांत जुन्या बीच झाडांनी पाच शतकं ओलांडली आहेत. इथे उभ्या झाडांपेक्षा पडलेली झाडं जास्त बघा. कुजलेल्या बुंध्यात पांढऱ्या पाठीचा सुतार पक्षी अळ्या शोधतो. त्याला मेलेली झाडंच लागतात, त्यामुळे साफसूफ केलेल्या जंगलात तो टिकत नाही. त्याच लाकडात निळसर राखाडी अंगावर मखमली काळे ठिपके असलेला रोझालिया भुंगेरा वाढतो, पण तो जुलै-ऑगस्टचा. ओढ्याच्या काठी ओली पानं न उचलता नीट निरखलंत तर बोटाएवढा काळपट सॅलमँडर दिसू शकतो. त्याच्या डोळ्यांवर चष्म्यासारखी फिकट खूण असते आणि पाय-शेपटीची खालची बाजू लालभडक. हा प्रकार जगात फक्त इटलीत आहे. त्याच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, मुलीला मोजायला सांगा. हात मात्र लावू द्यायचा नाही.

नदीवर परत या. खडकावर बसून गुडघे वाकवल्यासारखा सारखा झुकणारा, पांढऱ्या छातीचा छोटा गुबगुबीत पक्षी दिसला तर थांबा. तो वाहत्या पाण्यात शिरून तळावर चालत किडे वेचतो. तो आहे म्हणजे पाणी स्वच्छ आहे. पाणमांजर दिसणं अस्वलाइतकंच कठीण, पण ते आहे, आणि ही गेल्या काही दशकांतली फार मोठी गोष्ट आहे. इटलीत ते दक्षिणेतल्या काही नद्यांपुरतं उरलं होतं, तिथून ते एकेक नदी चढत सान्ग्रोपर्यंत आलं. नदीतल्या मोठ्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली काळी विष्ठा दिसली तर तो त्याचाच निरोप. बारेआचा तलाव १९५१ च्या धरणाने झाला, तरी १९७६ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. धरण असूनही पक्ष्यांनी तो आपलासा केला. संध्याकाळी बगळे, पाणकावळे, तुरेवाल्या पाणडुब्या तिथे बघा.

शेवटच्या दिवशी थेट रोमला परतू नका. नदीबरोबर समुद्राकडे उतरा. मुखाजवळ तोरिनो दि सान्ग्रोला किनाऱ्यावर सदाहरित ओकचं एक राखीव रान आहे. अशी किनारी रानं इटलीच्या या बाजूला जवळजवळ संपली. त्यात हर्मन कासव राहतं, पिवळ्या-काळ्या पाठीचं छोटं भूकासव. सप्टेंबरअखेरीस दुपारच्या उन्हात ते अजून बाहेर येतं. पानांची संथ सळसळ ऐकू आली तर बघा. पाल असेल तर आवाज तुटक असतो, कासव असेल तर सलग.

त्या रानाजवळच टेकडीवर सान्ग्रो नदी युद्ध-स्मशानभूमी आहे. तुमच्या पत्रात आजोबांच्या पलटणीचं वाचलं, म्हणून हे खास लिहिते. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, पावसाने ही नदी चढली आणि दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले. ती ओलांडून पलीकडच्या टेकड्यांवर चढणाऱ्या फौजेत ८ वी भारतीय डिव्हिजन होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. स्मशानभूमीत एक वेगळं स्मारक आहे: ज्यांना अग्नी दिला, अशा पाचशेहून जास्त भारतीय सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. आजोबांना नावं वाचायला वेळ लागेल, तेव्हा सकाळीच जा. तिथून रोम तीन तासांवर आहे.